दळण बारीक केलं म्हणून तांबं जास्त मिळत नाही

सध्या एक मजकूर फिरतोय. आशय असा: ‘ताक घुसळलं की लोणी वर येतं, तसंच फ्लोटेशनमध्ये तांबं वर येतं. दगड जितका बारीक दळाल तितकं तांबं जास्त. तरी टेलिंगच्या तळ्यात तांबं वाहून जातं, ही निव्वळ हलगर्जी. थोडं रसायन वाढवलं तर सगळं हाती लागेल.’ (फ्लोटेशन म्हणजे दळलेल्या दगडाच्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून खनिज फेसावर घेणं; टेलिंग म्हणजे मागे उरलेला टाकाऊ गाळ.) मला तो तिघांनी पाठवला. त्यातला एक मेटलर्जीचा विद्यार्थी निघाला, म्हणून हा खटाटोप.

आधी लोण्याचं बघू. लोणी पाण्याहून हलकं, म्हणून तरंगतं. चॅल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं नेहमीचं खनिज, पाण्याच्या चौपट जड. ते आपणहून कशाला वर येईल? झँथेट हे रसायन लागलं की कणाची अवस्था अळवाच्या पानासारखी होते, पाणी त्याला धरत नाही. मग बुडबुडा भेटला की कण त्याला चिकटतो आणि त्याच्याबरोबर वर जातो. ‘भेटला की’ म्हणालो, सगळी गोम तिथेच आहे.

‘जितकं बारीक तितकं जास्त’ हे अर्धंच खरं. दगडात अडकलेला कण सुटा व्हायला दळावं लागतंच. पण साध्या सेलमधला, म्हणजे फ्लोटेशनच्या टाकीतला, बुडबुडा साधारण 1 मिलिमीटरचा आणि अतिबारीक कण 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बुडबुडा फुटबॉलएवढा धरला, तर कण राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. बुडबुडा वर चढताना पाणी त्याला वळसा घालतं आणि हा हलका कण त्या पाण्याबरोबर बाजूनेच निसटतो. वजनदार कणाला तसं वळता येत नाही. घाटातल्या वळणावर भरधाव ट्रक सुटतो तसा तो जाऊन आदळतो. म्हणून साधारण 10 मायक्रॉनच्या खाली रिकव्हरी, म्हणजे हाती येणाऱ्या तांब्याचा वाटा, घसरू लागते. उलट फुकटचा बारीक गाळ मात्र न चिकटताच, फेसातल्या पाण्याबरोबर कॉन्संट्रेटमध्ये, म्हणजे फेसावर गोळा केलेल्या मालात, येऊन बसतो.

आता रसायन. 50 मायक्रॉनचा कण फोडून 5 मायक्रॉनचे केले, तर वजन तेच राहतं, पण पृष्ठभाग दहापट होतो. तेव्हा झँथेट जास्त लागणार, इथवर मजकूर बरोबर. पण वाढवलेलं झँथेट तांब्यापाशी थांबत नाही, पायराइट या नको असलेल्या लोह-गंधकाच्या खनिजालाही जाऊन चिकटतं. लॅबच्या सेलमध्ये किलोभर खनिज घेऊन पट्टीने फेस ओढून पाहा. नीट दळलेल्या नमुन्याचा पहिल्या मिनिटाचा फेस पितळी झाक मारतो आणि ट्रेमध्ये पडताच फुटतो. जास्त दळलेल्याचा राखाडी, साबणासारखा बुळबुळीत; पाण्याचा फवारा मारून मारून हात दुखतात, तरी बसत नाही. नवखा माणूस तो भरघोस फेस बघून खूश होतो. ग्रेडचा, म्हणजे त्या मालातल्या तांब्याच्या टक्केवारीचा, आकडा आला की तोंड उतरतं.

राहिली हलगर्जी. ऑस्ट्रेलियातला मॅकआर्थर रिव्हरचा जस्त-शिशाचा साठा 1955 मध्ये सापडला. खाण सुरू व्हायला 1995 उजाडलं, कारण त्यातली खनिजं इतकी बारीक गुंफलेली की ती वेगळी करणं परवडत नव्हतं. तिढा सुटला आयसामिल या अतिबारीक दळणाऱ्या गिरणीमुळे. तिथे 80 टक्के माल 7 मायक्रॉनच्या खाली दळतात. ‘म्हणजे बारीक दळल्याने फायदा झालाच की!’ झाला. पण सगळा दगड इतका बारीक दळत नाहीत, पहिल्या फ्लोटेशनमध्ये वर आलेलं कॉन्संट्रेट तेवढंच पुन्हा दळतात. बुडबुड्याच्या बाजूनेही काम झालंय: ग्रेम जेम्सन यांच्या सेलमध्ये बुडबुडे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात, त्यामुळे गाठ पडण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या टिल्डन खाणीत तर लोहखनिजाच्या बारीक कणांचे आधी गुच्छ बांधतात, गाळ काढून टाकतात आणि मग लोखंडाऐवजी सिलिकाच फेसावर घेतात. आळशी लोकांची ही कामं नव्हेत.

त्या विद्यार्थ्याला एवढंच सांगितलं: टेलिंगमध्ये तांबं दिसलं की आधी ते टेलिंग चाळ, आणि प्रत्येक आकारातलं तांबं वेगळं मोज. जाड भागात दगडाला चिकटलेलं सापडलं, तर दळण कमी पडलंय. 10 मायक्रॉनच्या खाली सुटं सापडलं, तर ते आपणच मिलमध्ये जास्त दळून घालवलंय.