जंत जंगलातून गावात येत नाहीत, बऱ्याचदा उलटं असतं

जंतांवरच्या एका लेखात लिहिलंय की कोल्हे आणि बिबटे गावातल्या कुत्र्या-शेळ्यांना जंत देतात, हे मला निम्मंच पटलं. आमच्याकडं भुदरगड भागात जत्रेला बकरी पडतात, तेव्हा काळजावर (म्हणजे लिव्हरवर) लिंबाएवढ्या पाण्याच्या पिशव्या दिसल्या की कापणारा तेवढा तुकडा बाजूला काढतो आणि ओढ्याकडं भिरकावतो, कुत्री टपलेलीच असतात, रात्री कोल्हे पण येतात. त्या पिशवीत एकायनोकॉकस नावाच्या टेपवर्मची, म्हणजे पट्टीसारख्या चपट्या जंताची, पिल्लं असतात, ती कुत्र्याच्या नायतर कोल्ह्याच्या आतड्यात मोठी होतात. मोठी म्हणजे काय तर जेमतेम अर्धा सेंटीमीटर, नीट बघितलं नाही तर डोळ्याला दिसणार पण नाहीत. मग विष्ठेतून अंडी गवतावर, आणि गवत परत बकऱ्याच्या पोटात. म्हणजे कोल्ह्याला जंत दिले कुणी?

अंडी माणसाच्या पोटात गेली की आपल्या लिव्हरमध्ये पण तसलीच पिशवी होते, हे लेखात यायला पाहिजे होतं. मी स्वतः लहानपणी ती पिशवी काठीनं फोडून बघितलीय, आता आठवलं तरी हात धुवावेसे वाटतात. जंगलातल्या कोल्ह्याला जंताची गोळी कोण चारणार? खराब काळीज खोल पुरा आणि कुत्र्यांना वेळच्या वेळी जंताचं औषध द्या, एवढं तर आपल्या हातात हाय की.