शेजारच्या गल्ल्यात डोकावणं आणि पुडीवरची बारीक अक्षरं

नमस्कार काका,

चकलीच्या भाजणीच्या धंद्यात मी स्पर्धकांचा अभ्यास कसा केला, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून उत्तर चार दिवस लांबवलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलं, पण शेजारच्याच्या गल्ल्यात कधी डोकावलो नाही. 'स्पर्धकांचा अभ्यास' हे चोंबडेपणाला दिलेलं गोंडस नाव आहे. आणि डीमार्टसारखा हत्ती समोर असताना घरगुती भाजणी विकणाऱ्या बाईने वहीत रकाने आखून काय होणार?

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. लेखात मी लिहिलं होतं की सोसायटीसाठी वीस किलो भाजणी हवीय असं खोटंच सांगून मी दुसऱ्या एका बाईंकडून घाऊक भाव काढून घेतला. मोठ्या फुशारकीने लिहिलं होतं. पुढचं मात्र लिहिलं नव्हतं. त्यांचा नंतर दोनदा फोन आला, "ताई, ठरलं का? डाळी आणून ठेवल्यात." दिवाळीला तीन आठवडे राहिलेले, म्हणजे त्या डाळींत त्यांचे पैसे अडकलेले. मी दुसरा फोन उचलला नाही. तो परिच्छेद मी काढून टाकला आहे आणि त्याबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही.

पण बाकीचं मागे घेणार नाही, कारण बाकी सगळं मी दुकानातून पैसे मोजून आणलेल्या पुडीवर वाचलंय. ज्यांच्या भाजणीमुळे माझी गिऱ्हाइकं मला "महाग" म्हणायला लागली होती, त्यांची पुडी एका दुपारी जेवणाच्या टेबलावर ठेवली, शेजारी माझी. उंची तीच, रुंदी तीच. त्यांची १३० रुपयांना, माझी १५० ला. मग चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. त्यांचं निव्वळ वजन ४०० ग्रॅम, माझं ५००. म्हणजे किलोला त्यांचे ३२५ पडतात, माझे ३००. हल्ली पुडीवर प्रति ग्रॅम दरही छापावा लागतो. त्यांच्यावर ०.३३, माझ्यावर ०.३०. आता सांगा, दिवाळीच्या गर्दीत एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोर घेऊन उभी असलेली बाई ते वाचते का? ती पुडीचा आकार बघते आणि एमआरपी बघते.

घटकांची यादीही अशीच बोलकी. ज्याचं वजन जास्त ते आधी, हा नियम आहे. त्यांच्या यादीत तांदूळ, मग हरभरा डाळ, मग गव्हाचं पीठ आणि त्याच्यानंतर उडीद. माझ्याकडे गहू नाहीच. त्यांनी काही लपवलेलं नाही, सरळ छापलंय. पण मी त्यांच्या भावाला उतरले असते तर उडीद कमी करूनच उतरावं लागलं असतं, हे मला त्या यादीने सांगितलं. मी उडीद तेवढाच ठेवला आणि पुडी ४०० ग्रॅमची केली, १२० रुपयांना. त्या दिवाळीत "महाग" हा शब्द मी एकदाच ऐकला, तोही नणंदेकडून, आणि तिला पुडी फुकट दिली होती.

नक्कल म्हणाल तर एक केली. पाणी किती, मोहन किती, हे त्यांनी पुडीच्या मागे छापलं होतं. मी तेच रोज दहा जणींना फोनवर सांगत बसायचे.

डीमार्टचं म्हणता, तर त्यांचं पहिलं दुकान पवईत २००२ साली निघालं आणि २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. तेव्हापासून त्यांचा वार्षिक अहवाल कुणीही वाचू शकतं, त्याला कुणी हेरगिरी म्हणत नाही. जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घ्यायची, मोजकाच खपणारा माल ठेवायचा, तो भराभर फिरवायचा, ही त्यांची रीत. हे वाचून मला एवढंच कळलं की भावात त्यांच्याशी खेळायचं नाही. हत्तीशी कुस्ती खेळायची नसली तरी तो कुठल्या गल्लीत शिरत नाही ते बघावं लागतं.

एक गोष्ट लेखात राहून गेली. ज्या जुन्या गिऱ्हाइकांची त्या वर्षी ऑर्डर आली नव्हती, त्यांना मी वहीतून नंबर काढून फोन केले. खरं सांगूनच केले, बरं का. वाटलं होतं, सगळ्या त्या १३० रुपयांच्या पुडीवाल्या बाईंकडे गेल्या असणार. पण बहुतेकींनी चकली करणंच सोडलं होतं, तयार आणत होत्या. एक म्हणाली, "सोऱ्या माळ्यावर आहे, काढणार कोण?" दोन वर्षं जिला मी मनात शत्रू समजत होते, तिची गिऱ्हाइकंही त्याच वाटेने चालली असणार. आता आमच्या गल्लीतल्या एक मावशी माझ्याच भाजणीच्या चकल्या तळून देतात, ऑर्डर मी घेते.

शेवटी तुमच्याच प्रतिक्रियेतलं एक वाक्य. तुम्ही लिहिलंय, "समोरचा तीन महिने उधारी द्यायचा म्हणून काही प्लंबर तिकडे वळले, पण वर्षभरात परत आले." काका, समोरचा किती महिने उधारी देतो हे तुम्हाला न डोकावता कळलं कसं? आणि ते परत कशामुळे आले? माल लगेच मिळायचा म्हणून, की त्याने वसुलीला माणूस पाठवला म्हणून? माझ्याकडेही दोन दुकानदार उधारीवर माल मागतायत. सवडीने लिहा.