सापडणं वेगळं, नाव मिळणं वेगळं

‘अंटार्क्टिकाच्या मोहिमेत नवी प्रजाती सापडली’ एवढ्या एका वाक्यात अंटार्क्टिकातल्या अँफिपॉडवरच्या (कोळंबीच्या नात्यातला चिमुकला समुद्री जीव) लेखानं काम उरकलं, ते पटलं नाही. जाळ्यात येतो तो फक्त नमुना. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या अँफिपॉडच्या पायांच्या सातही जोड्या, मुखांगं सुईनं एकेक सुटी करायची, स्लाइडवर मांडायची, केस न् केस मोजून चित्र काढायचं, जवळच्या प्रजातींशी ताडून बघायचं, होलोटाइप (ज्याच्यावरून नाव दिलं तो मूळ नमुना) संग्रहालयात ठेवायचा. मग कुठं नाव!

नांदेडला एमएस्सीला असताना मी गोदावरीतल्या सायक्लॉप्सचा (पाण्यातला सूक्ष्म जीव; हो, नारू पसरवायचा तोच) पाचवा पाय असाच सोडवत होते. ग्लिसरीनच्या थेंबात तो सुईला चिकटून तुटला, दोन दिवसांचं काम गेलं. त्यामुळं नवी प्रजाती ठरवायला ‘आता डीएनए पुरतो’ असं म्हणतात, तेही मान्य नाही. प्राणी वेगळा आहे हे डीएनए सांगतो, नेमकं काय वेगळं ते चित्रात दिसतं. आणि लेखात मुख्य गोष्ट राहूनच गेली: अँफिपॉडची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वाढवते, पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत. दिसायला सारख्या, पण वेगळ्या प्रजाती अंटार्क्टिकात इतक्या निघतात त्याचं हे मोठं कारण आहे.