दोनच खात्यांचा हिशेब

ऑगस्ट आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेचाळीसची चळवळ नव्याने पेटते. कोणाचे आजोबा तुरुंगात गेले, कोणाचे कचेरीत बसून इंग्रजांचा पगार घेत राहिले, कोणाच्या घरी 'रावबहादूर' होता. खाती दोनच : देशभक्त आणि फितूर. मी प्रागमध्ये राहतो. इथे जर्मनांनी सहा वर्षं राज्य केलं, आणि त्या वर्षांचा हिशेब दोन खात्यांत काही केल्या बसत नाही.

१५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा लढाई न होताच प्रागमध्ये शिरल्या. मग लोकांनी काय केलं? चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकणाऱ्या म्युनिक कराराच्या पहिल्या स्मृतिदिनी, ३० सप्टेंबरला, ट्रामवर बहिष्कार टाकला आणि पायी कामावर गेले. २८ ऑक्टोबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्यांवर गोळीबार झाला. व्हाक्लाव्ह सेडलाचेक हा कामगार गेला, जखमी झालेला यान ओप्लेताल हा वैद्यकीचा विद्यार्थी दोन आठवड्यांनी गेला. १७ नोव्हेंबरला नऊ विद्यार्थी पुढाऱ्यांना ठार केलं, विद्यापीठं बंद केली, बाराशेहून जास्त विद्यार्थी झाक्सनहाउझेनच्या छळछावणीत धाडले.

एवढं पाहिल्यावर माणसं बारीकसारीक गोष्टींकडे वळली. कारखान्यांच्या भिंतींवर 'पी. पी.' अशी अक्षरं आणि कासव दिसू लागलं. अर्थ, काम हळू करा. परदेशी रेडिओ ऐकण्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती आणि तशी ताकीद रेडिओवरच लटकवलेली असे. पुढे जर्मनांनी रेडिओतून लघुलहरींचा भाग काढून टाकला, तर हाताने जोडायचं एक छोटं यंत्र घरोघर निघालं. नाव 'चेर्चिल्का', चर्चिलवरून. सप्टेंबर १९४१ मध्ये लंडनहून, जिथे परागंदा चेकोस्लोव्हाक सरकार बसलं होतं, हाक आली तेव्हा आठवडाभर लोकांनी जर्मनांच्या ताटाखालची वर्तमानपत्रं विकत घेतली नाहीत.

त्याच महिन्याच्या अखेरीस हिटलरने धाडलेला नवा कारभारी, राइनहार्ड हायड्रिख आला. त्याने शेकडो माणसं मारली आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या कामगारांचं चरबीचं नि तंबाखूचं रेशन वाढवलं. कामगारांनी ते घेतलं. घरी पोरं होती, घेणारच. त्यांना कुठल्या खात्यात टाकायचं?

पण म्हणून 'काळच तसा होता' असं म्हणून सगळ्यांना सोडून देणंही मला पटत नाही. हायड्रिखच्या हत्येनंतर, जर्मनांनी सूड म्हणून लिदित्से गाव जाळून तिथले पुरुष गोळ्या घालून मारल्यावर, ३ जुलै १९४२ ला प्रागच्या व्हाक्लाव्ह चौकात राइशशी, म्हणजे हिटलरच्या जर्मन राज्याशी, निष्ठा दाखवायला प्रचंड गर्दी जमली. काहींना धाकाने आणलं होतं, सगळ्यांना नाही. आणि इथल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर मारल्या गेलेल्या जवळपास ८०,००० ज्यूंची नावं आहेत. त्यांना नेणाऱ्या गाड्या कुठल्याही कासवाने अडवल्या नाहीत.

सगळ्यात अवघड माणूस मला जनरल अलोइस एलियाश वाटतो. जर्मनांच्या हाताखाली पंतप्रधान. ज्यूंवर निर्बंध घालणारे हुकूम याच्या सरकारने काढले. तोच गुपचूप लंडनशी संपर्क ठेवून होता, आणि नाझींची तळी उचलणाऱ्या पत्रकारांना त्याने विषारी सँडविच खाऊ घातले; त्यातला एक मेला. हायड्रिखने येताच त्याला पकडलं, जून १९४२ मध्ये मारलं. त्याच्या अस्थींना सरकारी इतमाम मिळाला तो थेट २००६ मध्ये. चेक लोक अजून त्याच्यावर वाद घालतात, पण निदान पूर्ण माणूस समोर ठेवून घालतात.

इंग्रज राज्य आणि नाझी राज्य एकाच मापाने मोजता येणार नाही, हे मान्य. तरी यंदा ग्रुपवर मी चिंतामणराव देशमुखांचं नाव काढलं. आयसीएस अधिकारी, १९४३ मध्ये, गांधीजी कैदेत असताना, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, पुढच्या वर्षी 'सर'. तेच १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडून मोकळे झाले. कोणतं खातं?

काकांनी लिहिलं, "देशमुखांचा विषय वेगळा." वेगळा कसा, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.