जुनं कोकण कसं बघावं

मे महिन्यात कोकणात आलाच आहात, तर जुनं गाव उभारलेलं एखादं ठिकाण चुकवू नका. चिऱ्याची घरं, सारवलेलं खळं आणि लुगडी-मुंडाशी नेसवून बसवलेली माणसं. कुंभार, लोहार, तेली, जात्यावर दळणारी म्हातारी. तिकीट फाडलंत की सगळी तुमचीच. महामार्गाने तुमच्या कंबरेचं जे काही केलं असेल, त्याचा राग काढायलाही हीच माणसं बरी.

दारातच भाड्याचा भगवा फेटा बांधून मावळा व्हा. मावळ घाटावर आहे असं कोणी म्हणालाच, तर त्याला इतिहास शिकवा.

सारवलेल्या जमिनीवर नाकाला रुमाल. दोन मिनिटांनी, 'काय गारवा आहे ना!'

कुंभाराचं मडकं चाकावर अर्धं चढलं की हापूसची पेटी कितीला ते विचारा.

खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, झोपाळ्यावर सहकुटुंब बसून फोटो काढा, खाली लिहा, 'ते सोन्याचे दिवस'. तुमचे पणजोबा झोपाळ्यावर होते की खळ्यात मक्त्याचं भात मोजून देत उभे होते, ते कशाला आठवायचं? खोती मोडायचं विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईच्या कौन्सिल हॉलवर धडकले, तरी कायदा व्हायला १९४९ उजाडलं. एवढं फोटोखाली मावत नाही.

आता जातं. इथे मात्र जरा वेळ काढा.

गेल्या रविवारी मी तिथेच होतो, कारण दळणारी ती म्हातारी माझी मावशी. एक फेटेवाले आले. 'आजी, सरका जरा, रील बनवायचंय.' मावशी सरकली. नाचणी संपली होती, म्हणून सूप घेऊन आत जायला उठली. तोवर साहेबांनी खुंटा धरून गरागरा सुरुवात केली. मावशी ओरडली, 'वायच थांबा वो, दानं न्हाईत त्यात!' साहेबांना वाटलं ओवी म्हणतेय. 'हां, गात राहा, छान येतंय!'

रिकामं जातं फिरवत नाहीत हो. दगडावर दगड घासतो, टाकी, म्हणजे छिन्नीने दगडाला पाडलेल्या खाचा, बोथट होते आणि पुढच्या पिठात कच उतरते. टाकी लावणारे पूर्वी दारावर हाक देत यायचे. आता शोधून सापडत नाहीत. साहेबांनी तीन वेळा फिरवलं, मग बाईंनी, मग मेव्हण्याने, कारण त्याच्या फोनचा कॅमेरा चांगला. मावशी सूप हातात धरून उभी.

अहो, लाज कशी वाटत नाही? घरी गाऊन घालणारी ती बाई, पहिल्या एसटीने येते, तिथल्या खोलीत नऊवारी नेसते आणि दुखऱ्या गुडघ्यावर दिवसभर तुमच्यासाठी जमिनीवर बसते. तिला आजी म्हणता आणि तिचं एक वाक्य कानावर घेत नाही? दळायची एवढी हौस असेल तर बसा खाली, मूठ मूठ नाचणी घाला, शेरभर पीठ काढा, खांदे भरून येऊ देत. जमत नसेल तर हात लावू नका.

आणि दुपारी भाकरी दाताखाली कचकचते म्हणून काउंटरवर आवाज कोण चढवत होतं? तोच फेटा. मावशीने निमूट दुसरी थापून दिली.