निम्मं अधिक निम्मं म्हणजे फुकट?

मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर निरोप फिरतोय: '60 वर्षांवरील सर्वांना आणि सर्व दिव्यांगांना एसटी, रेल्वे, विमान मोफत. कर्नाटकच्या बसमध्येही तिकीट नाही. महिलांचं निम्मं आणि ज्येष्ठांचं निम्मं मिळून भाडं शून्य. खालच्या लिंकवर आधार नंबर व ओटीपी टाका, कार्ड घरपोच.' मावशीनं आधार नंबर टाकलाही होता. चष्मा सापडेना म्हणून ओटीपी वाचायला मोबाइल माझ्या हातात दिला, तेव्हा कळलं.

तर आधी ही लिंक. एसटीच्या मोफत प्रवासाला असल्या लिंकवरचं कार्ड लागतच नाही. ऑगस्ट 2022 मध्ये सरकारनं अमृत ज्येष्ठ नागरिक योजना आणली, ती 75 पूर्ण झालेल्यांसाठी. योजना आली तेव्हाचा नियम साधा: कंडक्टरला आधार, मतदान ओळखपत्र, लायसन असं काहीही वयाचं दाखवायचं, तो मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. विषय संपला. फॉर्म नाही, फी नाही, ओटीपी तर नाहीच नाही. आधारचा ओटीपी दिला म्हणजे समोरच्याला आपल्या नावानं केवायसी करायची मोकळीक दिली. त्यावर सिमकार्ड निघतं, खातं उघडतं. असल्या लिंका सोडणारे फुकटचा प्रवास दाखवून नेमकं म्हाताऱ्यांनाच गाठतात, याची चीड येते.

65 ते 75 पर्यंत निम्मं भाडं, आणि मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना निम्मं. मावशी 71 ची, दोन्हीकडे बसते. पण एका तिकिटाला सवलत एकच! हे निम्मं-निम्मं जोडणाऱ्या गणितज्ञानं एकदा मंगळवारी तुळजापूरच्या गच्च गाडीत कंडक्टरला हा हिशेब सांगून बघावा.

कर्नाटकची बसमध्ये मोफत प्रवासाची शक्ती योजना जून 2023 ची, आणि ती तिथल्या रहिवासी महिलांपुरती. सोलापूरचा पत्ता असलेलं आधार तिथं चालत नाही. आपल्या एसटीनं गाणगापूरला निघालेल्या 75 च्या आजोबांनाही अक्कलकोटच्या पुढं हद्द ओलांडली की तिथून पुढचं भाडं मोजावं लागतं. शहर बसला तर अमृत योजना लागूच नाही.

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच. खालचा बर्थ मिळू शकतो, पैसे पूर्ण. दिव्यांगांच्या ठरावीक गटांना मात्र रेल्वेत सवलत अजून आहे. साध्या एसटीत 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर 75 टक्के सूट. सूट म्हणजे मोफत नव्हे.

विमानावर काय बोलायचं? हां, 60 च्या पुढच्यांना सरकारी खर्चानं तीर्थयात्रेची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना 2024 मध्ये आली, एवढं मान्य. पण तिला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, अर्ज करावा लागतो, निवड व्हावी लागते. तिचा या लिंकशी काडीचा संबंध नाही.

ज्यांनी ओटीपी देऊन टाकलाय त्यांनी आधारसाठी 1947 वर आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा.