सामेनिटसला एका वाक्यात संपवू नका

तुमच्या लेखात पर्शियाचा राजा कॅम्बिसिस याची इजिप्तवरची स्वारी (इ.स.पू. 525) नीट मांडली आहे, पण हरलेला इजिप्तचा राजा सामेनिटस एका ओळीत आटोपला, याची चुटपुट लागली. सहाच महिने गादीवर बसलेला माणूस. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने मात्र आपल्या इतिहासग्रंथाच्या तिसऱ्या खंडात त्याला जी जागा दिलीय, ती मी कितीदा वाचली असेल!

इजिप्तमधलं मेम्फिस शहर पडल्यावर दहाव्या दिवशी त्याला वेशीबाहेर बसवतात. समोरून त्याची मुलगी दासीच्या कपड्यांत, हातात घागर घेऊन पाण्याला जाते. बाकीचे बाप हंबरडा फोडतात, हा नुसती मान खाली घालतो. मग मुलगा जातो, गळ्यात दोर, तोंडात लगाम, सोबत दोन हजार तरुण, सगळे मरायला निघालेले. तरीही तेच. आणि मग त्याच्या पंगतीला बसणारा एक म्हातारा, सगळं गमावलेला, सैनिकांकडे भीक मागत येतो. तेव्हा राजा त्याला नावाने हाक मारून, कपाळ बडवून रडतो. कारण विचारल्यावर सांगतो की घरचं दुःख रडण्यापलीकडचं होतं, मित्राच्या दुःखाला आसवं तरी देता आली.

माझ्या मते अख्ख्या हिरोडोटसमध्ये याच्या तोडीचं फार थोडं आहे. कॅम्बिसिसलाही पाझर फुटतो, पण निरोप पोचेपर्यंत मुलाला मारलेलं असतं, तेही सर्वांत आधी. ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’ या वक्तृत्वकलेवरच्या ग्रंथात हाच प्रसंग घेतलाय, पण नाव घातलंय सामेनिटसच्या बापाचं, अमासिसचं. बिचाऱ्याची ही गोष्टसुद्धा दुसऱ्याच्या नावावर गेली.